तेविसावा लखोटा

धारगळच्या त्या शेतात मी नवरा शोधायला गेले नव्हते. गुडघे मोजायला गेले होते, आणि तेही इतक्या गंभीर चेहऱ्यानं की शेजारी उभ्या असलेल्या बायांनी मला तलाठी समजून जागा करून दिली.

जानेवारीतला रविवार. भात कधीच कापून झालं होतं. भाताच्या दोन कुणग्यांमधली मेर, म्हणजे बांध, फोडून पोरांनी फुटबॉलचं मैदान केलं होतं, पण मेरेचा उंचवटा मधोमध तसाच राहिला होता आणि कापलेल्या भाताची खोडकं पायाखाली करकरत होती. मी वहीत उंचवटा लिहिला, खोडकं लिहिली, जमिनीच्या भेगा लिहिल्या. मग कुणीतरी आणून दिलेला चहाचा ग्लास ओठाला लावला आणि तेवढ्यात बॉल येऊन हातावर आदळला. सगळा चहा वहीवर.

बॉल न्यायला आला तो घामानं निथळत होता, आणि वर हसत होता.

“बाय, बॉल.”

“आनी माझी च्याय?”

“च्याय दुसरी येतली. बॉल एकच आसा.” मान वाकडी करून त्यानं वहीत डोकावलं. “आमचे गोल लिवतास?”

“ना. खड्डे.”

“खड्डे लिवक पगार गावता?”

“तुमचे गुडघे कित्याक मोडतत तां शोधूक गावता.”

“माझे मोडूचे नाय.”

“सगळे असांच म्हणतत.”

“मगे माझा नाव लिवन ठेय. सदाशिव. डाव्या बाजून खेळतंय.”

बॉल काखेत मारून तो मागे मागे चालत गेला, माझ्याकडे बघत... आणि त्या उंचवट्यावर अडखळला. सगळं मैदान हसलं, मीही हसले. पण नाव लिहून ठेवलं.

मी पद्मावती. आजीचं नाव जसंच्या तसं माझ्या गळ्यात पडलंय. डिचोलीच्या बाजारात आमचं कापडाचं दुकान, आणि मी घरातली पहिली शिकलेली मुलगी. शिकले काय, तर फिजिओथेरपी, जिला बाबा अजून ‘मालीश’ म्हणतात. शहरातल्या इस्पितळात कृष्णनाथ सर हाडांचे सर्जन होते. पेडणे आणि डिचोली तालुक्यांत गुडघ्याचा आतला दोर कुणाचा तुटतो, का तुटतो आणि तुटल्यावर काय केलेलं बरं, असा दोन वर्षांचा अभ्यास त्यांनी काढला होता. मी त्यांची डिचोलीतली माणूस. एक खोली, एक मेज, व्यायामाची गादी, कोन मोजायची पट्टी आणि ती वही.

खेळ संपायला थोडा वेळ होता. सदाशिवच्या पायात बॉल होता, समोर मोकळी जागा, आसपास कुणी नाही. आत वळायला त्यानं डावा पाय रोवला. बुटाचे खिळे भेगेत अडकले. अंग वळलं, गुडघा वळला नाही. शेवग्याची वाळलेली शेंग मोडावी तसा आवाज आला आणि तो मला मेरेवर ऐकू आला.

मी घड्याळ बघितलं. लिहिलं — चार सतरा, डावा, धक्का नाही, बूट अडकला. मग धावले.

तो जमिनीवर बसला होता, दोन्ही हातांनी गुडघा धरून. त्यानं गुडघ्याकडे बघितलं नाही. माझ्या हातातल्या पेनाकडे बघितलं.

“लिवन जाला?” त्यानं विचारलं. ओठ पांढरे पडले होते, तरी विचारलं.

*

मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्यामध्ये करंगळीएवढा एक दोर असतो. नडगी पुढे सरकू नये आणि गुडघा भलतीकडे फिरू नये म्हणून निसर्गानं तो बांधून दिलाय. तुटला की माणूस चालतो, जिने चढतो, लग्नात नाचतोसुद्धा. पण धावता धावता वळायला गेला की गुडघा दगा देतो. सदाशिवचा दोर तुटला होता. चाचणी करताना माझ्या हातात नडगी पुढे आली तेव्हाच मला कळलं, मशीनमधला फोटो नंतर आला.

तो खाणीवरचा ट्रक चालवायचा. पहाटे पाचपासून खनिजाच्या फेऱ्या, आणि संध्याकाळी खेळ. दिवसभर डाव्या पायानं क्लच दाबायचा आणि मग त्याच दमलेल्या पायावर वळायचं. माझ्या वहीतला तो सातवा ट्रकवाला होता, आणि सातांतल्या पाच जणांचा डावाच गुडघा गेला होता. मी हे सरांना दाखवलं तर त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. म्हणाले, “पद्मावती, हे कोणी लिहिलेलं माझ्या वाचण्यात नाही.” त्या दिवशी मी घरी जाताना बसमध्ये एकटीच हसत होते.

सूज उतरेपर्यंत महिना गेला. सदाशिव मापं द्यायला यायचा. मी मांडीला टेप लावायची आणि तो बोलायचा.

“डॉक्टरबाय, तुमी ब्लाउजाचा माप घेतास काय?”

“मी डॉक्टर नाय. आनी गप रव, माप चुकता.”

“चुकांदी. परत घेतलास तर माझा काय जाता?”

उभा राहिला की सगळा भार उजव्या पायावर टाकायचा. तुटलेल्या गुडघ्याचे सगळेच तसे उभे राहतात, आणि मग डावी मांडी वाळत जाते. “दोनूय पायांर उभो रव,” मी म्हणायची. दर खेपेला किमान दहादा. एकदा तो म्हणाला, “माझी आयसुद्धा इतक्या वेळा सांगणा नाय.” मी म्हटलं, “म्हणान असो उभो रवतस.” तो हसला आणि दोन्ही पायांवर उभा राहिला... आणि मी उगाच पट्टी पुसत बसले.

एका मोठ्या सरकारी खात्याचा फुटबॉलचा संघ होता. त्यांची निवड ऑक्टोबरात. निवडला गेला तर कायमची नोकरी. वयाची अट सव्वीस, आणि सदाशिवला सव्विसावं लागलं होतं. हीच शेवटची संधी.

“ट्रकवाल्याक डिचोलीतलो कापडवालो दारात उभो करूचो नाय,” तो पायमोजा चढवत म्हणाला, माझ्याकडे न बघता. “सरकारी नोकरी आसली तर?”

“कुठलो कापडवालो?” मी विचारलं.

“आता ताकाक येवन भांडा कित्याक लपवतंस?”

माझे कान गरम झाले. म्हणजे फेब्रुवारीत, लखोटा फुटायच्या आधीच मी गेले होते कामातून. हे आज कबूल करायला हरकत नाही.

*

लखोट्याचं असं होतं. दोर तुटल्यावर लवकर ऑपरेशन केलेलं बरं, की नुसता नेटानं व्यायाम, हे त्या वेळी सरांनाही ठामपणे सांगता येत नव्हतं. म्हणून अभ्यासात आलेल्या अर्ध्या जणांचं ऑपरेशन करायचं आणि अर्ध्यांना व्यायाम द्यायचा. कोणाला काय, ते सरांनी ठरवायचं नाही, मी ठरवायचं नाही, रुग्णानंही नाही. कोणीतरी आधीच सोडत काढून चिठ्ठ्या बंद लखोट्यांत घातल्या होत्या आणि वर नंबर टाकले होते. मूळ यादी सरांच्या कपाटात, दोन वर्षांनी उघडायची. लखोटा रुग्णासमोर आणि त्याच्या घरच्या एका माणसासमोर फोडायचा, चिठ्ठी वाचायची आणि रुग्णाच्या हातात द्यायची. पटलं नाही तर तो अभ्यास सोडू शकत होता, मात्र मग ते फुकट ऑपरेशनही नाही आणि माझ्या खोलीतला व्यायामही नाही.

सदाशिवचा नंबर तेवीस. त्याच्याबरोबर आई आली होती, शेवंतीबाय. धारगळच्या हायवेवर भाजी विकायची. नऊवारी नेटकी, केसांत अबोलीचा तुकडा, हातात अळसांद्यांची, म्हणजे आमच्याकडच्या चवळीची, पिशवी. ती माझ्यासाठी आणलेली. खुर्चीवर बसली नाही, टेकली.

“बाय, मी देवाक इचारून इलंय,” ती म्हणाली.

आमच्याकडे हे नवीन नाही. देवळात भट मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या लावतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी आधी पडली तर देव हो म्हणतो, डावी पडली तर नको. घर बांधताना, सोयरीक जुळवताना, म्हैस घेताना, आमच्या घरीसुद्धा असा प्रसाद लावल्याशिवाय पान हलत नाही.

“पोराच्या गुडघ्याक सुरी लावची काय, म्हणान इचारलंय. देवान डावी दिल्यान.” आणि ती रडायला लागली. आवाज न करता, पदराचं टोक दातांत धरून. तिचा नवरा पोटाच्या ऑपरेशनला गेला होता तो परत आला नव्हता, हे मला सदाशिवनं सांगितलं होतं.

“आये,” तो म्हणाला, “देवाचा झाला. आता कागदाचा बघूया. कागद म्हणतलो तसा करूया. ठरला मा आपला?”

तिनं डोळे पुसत मान हलवली. मग तो माझ्याकडे वळून डोळे मिचकावत म्हणाला, “तुमचो लखोटो आनी आमच्या भटाची पाकळी, दोगांत फरक काय, बाय?”

“आमचा खरा जाता,” मी ऐटीत म्हटलं, आणि लखोटा फोडला.

आत छापील शब्द होता, ऑपरेशन.

मी शेवंतीबायकडे बघितलं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, देवळात पाकळीकडे बघतात तशी. आणखी एक गोष्ट त्याच क्षणी माझ्या मनात आली, ती मी पुढे कितीतरी महिने स्वतःलाही सांगितली नाही. ऑपरेशनवाले शहरात जायचे, तिथल्या इस्पितळात, तिथल्या दुसऱ्या फिजिओकडे. व्यायामवाले माझ्या खोलीत यायचे. आठवड्याला तीन दिवस. सोम, बुध, शुक्र.

“व्यायाम,” मी वाचलं.

शेवंतीबायनं हात जोडले, मला की देवाला कोण जाणे. सदाशिवचा चेहरा जरासा उतरला. त्याला ऑपरेशन हवं होतं, मला ठाऊक होतं. पण चिठ्ठीसाठी त्यानं हात पुढे केला नाही. तो माझ्याकडे बघत होता.

“तू म्हणतंस तर व्यायाम,” तो म्हणाला. पहिल्यांदाच मला ‘तू’ म्हणाला तो. मी चिठ्ठी घडी करून तेवीस नंबरच्या फायलीत सगळ्यात खाली सारली.

*

ते सात महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले होते. म्हणायला लाज वाटते, पण होते.

धारगळहून म्हापसा, म्हापशाहून अस्नोड्यामार्गे डिचोली, दोन बस बदलून तो यायचा. कधी पोई घेऊन यायचा, पोदेराकडचा गरम फुगीर पाव, माझ्या मेजावर ठेवायचा आणि म्हणायचा, “फी.” मी त्याला मरमर राबवलं. खुर्चीवरून एका पायानं उठ-बस, मांडीच्या मागच्या स्नायूंचे व्यायाम, उडी मारून गुडघे वाकवत उतरणं. “गुडघो आत घालू नको, पावलाच्या रेषेत धर.” “दोनूय पायांर उभो रव.” मला वाटायचं, मी इतकं करीन, इतकं करीन की चिठ्ठीत काय होतं ते महत्त्वाचंच राहणार नाही. असंख्य लोक ऑपरेशनशिवाय बरे होतात. मी रोज तेच वाचत होते आणि जे माझ्या बाजूचं असेल तेवढंच खुणा करून ठेवत होते. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

जुलैतला एक शुक्रवार आठवतो. बाहेर धो धो पाऊस, वीज गेलेली, रस्त्यावरून ट्रकांतून सांडलेल्या खनिजाचं लाल पाणी वाहत होतं. तो घडी घातलेल्या गोधडीवर डाव्या पायावर डोळे मिटून उभा होता, तोल सांभाळायचा व्यायाम. मी समोर हात धरून, पडला तर सावरायला.

“हात सोड,” मी म्हटलं. “तोल तुझो तू सांभाळ.”

“तू सोड.”

“मी धरूक नाय. तू धरलंस.”

“बघ मगे डोळे मिटून कोणी कोणाक धरलां तां...”

खिडकीतून पावसाचे शिंतोडे येत होते. त्यानं डोळे उघडले नाहीत.

“पद्मा, गुडघो बरो जालो काय माका हंय येवक गावचा नाय, खरा?”

“अभ्यासाचो नियम आसा तसो.”

“मगे माका बरो करू नको.”

मी हसले. मग त्याचे हात सोडून खिडकी लावायला गेले. तिथेच सांगायला हवं होतं. तेव्हाही वेळ गेली नव्हती... पण खिडकी लावून वळले तर तो दोन्ही पायांवर सरळ उभा होता, माझ्या शिकवणीसारखा, आणि म्हणाला, “नोकरी लागली काय आयेक धाडतंय तुमच्या घरा. बाबांक सांगान ठेय.”

मी बाबांना सांगितलंही. ते म्हणाले, “कायमची नोकरी असली तर बघू.” आमच्या बाबांचं ‘बघू’ म्हणजे अर्धा साखरपुडाच.

*

सप्टेंबरच्या चाचणीत डावा पाय उजव्याच्या तोडीस तोड उडी मारत होता. सरांनीही बघितलं, मान डोलावली. नडगी अजून थोडी पुढे सरकत होती, कारण दोर नव्हताच, आणि दोर व्यायामानं उगवत नाही. पण स्नायूंनी भार उचलला होता. सर म्हणाले, “निवडीला जाऊ दे. जपून.” सरांच्या समजुतीप्रमाणे तो व्यायामाच्या गटातला होता, आणि त्या गटाची तेवढी प्रगती चांगलीच होती.

निवडीच्या दिवशी मी गेले नाही. घरी देवापुढे बसले. मी, जिनं लखोटा खरा ठरतो म्हणून ऐट मारली होती.

तो पाऊण तास छान खेळला, असं नंतर कळलं. दोन गोल त्याच्या पासवर झाले. मग तीच चाल, डावा पाय रोवून आत वळणं. या वेळी शेत नव्हतं, सपाट हिरवं मैदान होतं, भेग नव्हती, खोडकं नव्हती. गुडघ्यानं दगा द्यायचा तो दिलाच. गुडघ्याच्या हाडांमधली कूर्चेची गादीही फाटली. आता ऑपरेशनला पर्याय नव्हता, आणि ते झाल्यावर पुन्हा निवडीला उभं राहायचं वयही राहणार नव्हतं.

आठ दिवसांनी, सोमवारी सकाळी, मायलेक दोघं माझ्या खोलीत आले. तो कुबड्यांवर. तिच्या हातात नेहमीची पिशवी. सदाशिव गादीच्या कडेला बसला आणि माझ्याकडे बघून हसला, मला धीर द्यायला. मला.

“बाय,” शेवंतीबाय म्हणाली, “काल तुमच्या दोगांच्या लग्नाचो प्रसाद लायलंय. देवान उजवी दिल्यान.”

तिच्या आवाजात आनंद नव्हता.

“पुण माका भियां दिसता गो. तवां देव आनी तुझो लखोटो, दोगय एकच बोलले. मी गावभर सांगत फिरलंय, देवाचा आनी दाक्तरांचा एकमत जाला म्हणान. तरी पोराचो पाय गेलो. आता एकट्या देवाचा खरा कसा मानू?” तिनं पदर तोंडाशी नेला. “माझाच चुकला. मीच रडान रडान देवाकडसून डावी मागान घेतलंय.”

“आये, परत तेंच?” सदाशिव म्हणाला. “आठ दिस जेवणा नाय धड,” त्यानं मला सांगितलं. “देवळात जावचाय सोडल्यान.”

गप्प बसले असते तर काय झालं असतं ते मला नीट दिसत होतं. देवानं उजवी दिली होती, तो हसत होता, बाबांना समजावता आलं असतं. आणि ही बाई जन्मभर स्वतःला दोष देत माझ्या स्वयंपाकघरात वावरली असती.

मी कपाटातून तेवीस नंबरची फाईल काढली. तळाची चिठ्ठी काढून त्याच्या हातात दिली. नियमाप्रमाणे आठ महिन्यांपूर्वी द्यायची होती ती.

त्यानं वाचली. उलटून मागे बघितलं, तिथे काही नव्हतं.

“ह्यां कोणाचा?”

“तुझा.”

“हंय ऑपरेशन लिवलां.”

“होय.”

रस्त्यावरून ट्रक जात होते, एकामागून एक. ते जाईपर्यंत तो थांबला.

“कित्याक?” त्यानं विचारलं.

“तुझी आय रडत होती...”

“आनी?”

त्याला कळलं होतं की एवढंच नाही. सात महिने माझा चेहरा वाचत आला होता तो.

“आनी ऑपरेशन जाल्ले शारात जातत,” मी म्हटलं. “व्यायामाचे हंय येतत. आठवड्याक तीन दिस.”

तो चिठ्ठीकडे बघत होता. मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

“तुका मी येवक जाय होतंय,” तो हळूच म्हणाला, “तर सांगूचा होता, पद्मा. कुबडे घेवन इलो असतंय. दोन बशी बदलून. तीन दिस कित्याक, रोज इलो असतंय.”

मला रडू फुटलं. त्यानं माझे डोळे पुसले नाहीत, आणि मी तशी अपेक्षा करावी अशी माझी लायकीही उरली नव्हती. शेवंतीबाय मात्र रडत नव्हती आता. ती मुलाकडून माझ्याकडे आणि माझ्याकडून मुलाकडे बघत होती.

“देवान डावी दिल्यान ती मी मानलेली, बाय,” ती म्हणाली. “ह्यान मानूक नाय. माका म्हणालो, ‘आये, देवाक माझो गुडघो खंय ठावक? त्या बायेक ठावक आसा.’”

सदाशिव कुबड्या सावरत उठला. मी सवयीनं आधाराला हात पुढे केला, तो त्यानं बघितलाच नाही. चिठ्ठी मेजावर ठेवली, वहीच्या बाजूला. दारात जाऊन थांबला.

“त्या दिसा मी पडलंय तवां किती वाजले होते?”

“चार सतरा.”

“आनी आता?”

मी खरंच घड्याळाकडे बघितलं. “अकरा चाळीस.”

“लिवन ठेय,” तो म्हणाला.

*

सरांना मी त्याच दुपारी सांगितलं. त्यांनी आरडाओरडा केला नाही, तेवीस नंबरावर आडवी रेघ मारली आणि मला महिनाअखेरपर्यंतच यायला सांगितलं. माझ्या जागी दुसरी मुलगी आली. सदाशिवचं ऑपरेशन पुढच्या जानेवारीत झालं, दुसरीकडे कुठेतरी. मीही म्हापशाला एका दवाखान्यात लागले. अजून तिथेच आहे.

दीड वर्षानं अभ्यासाचा निकाल छापून आला. कुणीतरी मला प्रत पाठवली. एकशे बारा गुडघे. लवकर ऑपरेशन केलेले आणि व्यायाम केलेले, दोन्ही गटांत खेळायला परतलेल्यांचं प्रमाण जवळजवळ सारखंच. म्हणजे चिठ्ठी खरी वाचली असती तरी त्याचा गुडघा टिकलाच असता असं नाही. आणि टिकला नसता असंही नाही. एकशे बारा गुडघ्यांचं उत्तर त्यात होतं, एकाचं नव्हतं.

तरी मी ती प्रत पर्समध्ये घातली आणि धारगळची बस धरली. काय सांगणार होते? की बघ, कदाचित माझी चूक नव्हती?

तो आईच्या भाजीच्या दुकानावर होता. खाणी बंद पडल्या होत्या, ट्रक घरोघरी उभे होते, आणि तो गिऱ्हाइकाला तांबडी भाजी बांधून देत होता. माझी पाळी आली. त्यानं बघितलं. पर्सचा बंद माझ्या हातात होता.

आणि मला समजलं की त्यानं मला गुडघ्याबद्दल काही विचारलंच नव्हतं. त्या सोमवारी त्यानं विचारलं होतं ते ‘कित्याक?’ एवढंच, आणि त्याचं उत्तर एकशे बारा जणांत मिळणारं नव्हतं.

“काय जाय?” त्यानं विचारलं, सगळ्यांना विचारतात तसं.

“अळसांदे,” मी म्हटलं. “अर्धो किलो.”

त्यानं तोलले, वर एक मूठ जास्त घातली, पिशवी माझ्या हातात दिली आणि पुढच्या बाईकडे वळला. मी रस्ता ओलांडून बसच्या थांब्यावर उभी राहिले. तिथून तो सगळाच्या सगळा दिसत होता. उजव्या पायावर भार टाकून उभा होता, डावा नुसता टेकवलेला. ती खोड मी त्याला सांगून सांगून मोडली होती. ती परत आली होती.